पाचच्या आत टोकन

तीन माणसं पाच महिने सायकलवरून देश फिरून आली की किस्से इतके साठतात, की सांगणाऱ्याचं तोंड दुखतं आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो. लोक मला कन्याकुमारीचा समुद्र विचारतात, दिल्लीची थंडी विचारतात. तेही सांगतो कधीतरी. पण खरं सांगू? पाच महिन्यांत मला जेवढा राग आला नाही, तेवढा शेवटच्या एका दिवसात आला. आणि तोही परक्या मुलखात नाही, आपल्याच बालाघाट जिल्ह्यात! इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की कान गरम होतात.

आधी आम्ही तिघं कोण ते सांगतो. भरवेलीची मोठी खाण सगळ्यांना माहीत आहे. तिच्याजवळच एका शेठची छोटी मॅंगनीजची खाण होती. आता ती बंद पडली, जागेवर झुडपं आहेत. आम्ही तिघं तिथले. देवाजीभाऊ ड्रिलवर, वयानं मोठे, म्हणून आमचे लीडर. मी वसंता, वर्कशॉपात फिटर. आणि माझ्या हाताखाली सुखदेव, किरनापूरचा, बदली कामगार, म्हणजे कोणी रजेवर गेला की त्याच्या जागी घेतलेला. विदर्भ वेगळा होऊन आपला जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. त्यामुळे घरी मराठी आणि ऑफिसात हिंदी, असा आमचा संसार.

भारतभ्रमणाची सुट्टी मिळाली ती एका अटीवर. मॅनेजरसाहेबांनी लिहून दिलं होतं, की परतीच्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत टाइम ऑफिसात टोकन जमा व्हायला पाहिजे. टोकन म्हणजे नंबर कोरलेली पितळी चकती. कामावर आलं की ती टाइम ऑफिसच्या पेटीत टाकायची, मगच तिथला टाइमबाबू हजेरी लावायचा. देवाजीभाऊ आणि मी पर्मनंट. आम्हाला उशीर झाला तर फार तर मेमो. सुखदेव मात्र बदलीवाला. त्याला पाच मिनिटं उशीर झाला तरी नाव कट, आणि चार वर्षांची नोकरी मातीत! त्यानं ते टोकन, नंबर दोनशे चौदा, दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आणि तसंच देशभर फिरवलं.

आमच्याजवळ एक जाड वही होती. भ्रमणावर निघालेले सगळेच ठेवायचे. गावोगावी ठाणेदार, हेडमास्तर, तहसीलदार, जो सापडेल त्याची सही आणि शिक्का घ्यायचा. तुम्ही तिथून गेलात याचा तोच पुरावा. सही करणारे ‘साहसी युवक’, ‘देश का गौरव’ असलं काहीबाही लिहायचे. सुखदेव मात्र प्रत्येकाला म्हणायचा, “साहेब, टाइम बी लिवा.” एका कलेक्टरलाही म्हणाला! मी त्याला टाइमबाबूचा जावई म्हणायचो. तो चिडायचा नाही. म्हणायचा, “भाऊ, तू पर्मनंट हायेस. बदलीवाल्याले दोन मिन्टं काय असते, ते तुले नाही समजाचं.”

मला खरंच समजत नव्हतं. त्या सोमवारी समजलं.

*

आदल्या रात्रीचा मुक्काम मंडल्याकडून येताना लागणाऱ्या एका गावी होता. नाव घेत नाही. तिथला बाबू अजून असेल, तर हे सांगायलाही माझ्याकडून अर्ज मागेल.

तिथून खाण साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळी सहाला निघालो असतो तर दुपारी टोकन टाकून, आंघोळ करून, ताणून झोपलो असतो. पण देवाजीभाऊ अडले. “वहीत या गावचा शिक्का नाही. एक पान कोरं राह्यलं त लोक काय म्हनतीन?”

“लोक गेले खड्ड्यात! सुखदेवची नोकरी हाये ना भाऊ!”

“हौ, पन पाच वाजाले लय टाइम हाये बे.”

कचेरी उघडणार साडेदहाला. आम्ही सहापासून पायरीवर. बाबू आला पावणेअकराला. आधी खुर्ची झटकली, मग टेबल, मग पेन. वही पुढे केली तर म्हणाला, “आवेदन दीजिए.”

“किसका आवेदन?”

“कि आप यहाँ आये हैं.”

मी म्हटलं, “साहेब, मैं आपके सामने खड़ा हूँ!”

“खड़े हैं, वो ठीक है. लेकिन काग़ज़ पर नहीं हैं. आने का कारण भी लिखिए.”

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटणार, तेवढ्यात सुखदेवनं कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि बाबूपुढे ठेवला. बाबूनं वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. मी वाकून पाहिलं. येण्याचं कारण म्हणून सुखदेवनं लिहिलं होतं, ‘जाना.’

“टाइम बी लिवा, साहेब,” सुखदेव म्हणाला. “सव्वाअकरा झाले.”

*

अर्ध्या तासानं एका गावातल्या शाळेसमोर रस्त्यावर दोरी बांधलेली दिसली. दोरीला कागदी पताका, मागे पोरांची रांग, पुढे हेडमास्तर. आता दोरीखालून कसे जाणार? उतरलो.

हार घातले. “दो शब्द” म्हणून देवाजीभाऊंना पुढे केलं. देवाजीभाऊ ड्रिलवर बारा-पंधरा वर्षं काम केलेला माणूस. तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून की काय, बाहेर बोलायची संधी मिळाली की सोडायचे नाहीत. उत्तर भारत झाला, दक्षिण भारत झाला, देशाची एकता झाली. पोरं उन्हात घामाघूम. मी मागून सदरा ओढतोय. त्यांना वाटलं, मी भाषणाला दाद देतोय!

भाषण संपलं तर हेडमास्तरांना चढला जोर. “मीही तरुणपणी रोज अकरा मैल सायकलनं जायचो,” म्हणाले, आणि विचारायच्या आत सुखदेवच्या सायकलवर टांग टाकली. मागे बिछाना, स्टोव्ह, पंप, हत्यारांची पिशवी, मणभर ओझं! झेंड्याच्या खांबाला एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत धोतर चेनमध्ये गेलं आणि सर, सायकल, बिछान्यासकट नालीत!

सर उठले. चिखल झटकला. पोरांकडे वळून म्हणाले, “बच्चों, इसे कहते हैं साहस!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं चाक मात्र पापडासारखं वाकलं होतं. सुखदेव गुमान खाली बसला, चाक काढलं आणि एकेक तार कसत चाकाचा आउट काढायला लागला. त्या चाकानं हिमालयाचा पायथा पाहिला होता आणि मोडलं ते धोतरानं.

चाक बसवून सुखदेवनं वही पुढे केली. सरांनी शिक्का मारला. “टाइम बी लिवा, गुरुजी,” सुखदेव म्हणाला. “चाक वाकडं झालं बारा वीसले. सरळ झालं एक वाजता.”

सरांनी तसंच्या तसं लिहिलं. वर ‘शुभकामनाएँ’.

*

उकवा आलं तेव्हा दोन वाजत होते. उकव्याचे खाणवाले आपलेच लोक. त्यांनी ना हार आणले ना भाषण केलं. बीडी दिली आणि डब्यातली भाकर दिली. मी राग विसरलो होतो. आणि समोर स्टँडवर बालाघाटची बस उभी!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी सुखदेवला बाजूला घेतलं. “तू बसमधी बस. सायकल टपावर टाक. तीन-सव्वातीनले उतरशीन, टोकन टाकशीन, सुटला! आमी येतो मागून.”

देवाजीभाऊंनी ऐकलं. “काहून बे? पाच महिने कोन्या गाडीले हात नाही लावला. आता लावाचा?”

“भाऊ, तुमी त बोलूच नका! तुमच्या शिक्क्यानं आन भाषनानं त हे पाळी आली!” मी त्यांच्या अंगावर धावलो. खरंच धावलो. दोघा उकवावाल्यांनी मला धरलं. पाच महिन्यांत आम्ही कधी आवाज चढवला नव्हता आणि घरापासून पस्तीस किलोमीटरवर गचांडी धरायची वेळ आली.

सुखदेव शांतपणे भाकरीचा शेवटचा तुकडा खात होता. मग म्हणाला, “घरी गेल्यावर पोरगी इचारन, बाबा, भारत पाह्यला का? तिले काय सांगू? हौ माय, पाह्यला, उकवा ते भरवेली सोडून?”

विषय संपला. आम्ही पायडल मारलं. बस धूळ उडवत आमच्या पुढून गेली आणि मी तिला पोटभर शिव्या दिल्या.

तासाभरानं घाटातल्या एका वळणावर तीच बस बॉनेट उघडून उभी होती. प्रवासी मोहाच्या झाडाखाली पसरलेले. कंडक्टर आम्हाला पाहून ओरडला, “ओ भैया! आगे जा रहे हो तो एक फैनबेल्ट भिजवा देना!”

*

मधला एक किस्सा मी हसत सांगू शकत नाही. पण तो गाळला तर त्या दिवसाचा हिशेब खोटा होईल.

बस दिसायच्या आधी, घाटाच्या अलीकडे एक छोटं गाव लागतं. तिथल्या एका बड्या शेतकऱ्यानं आम्हाला रस्त्यावरून हाताला धरून ओसरीवर नेलं. ऊन रणरणत होतं. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या. त्यानं आधी नावं विचारली. मग आडनावं. देवाजीभाऊंनी सांगितलं, मी सांगितलं, सुखदेवनं सांगितलं.

पाणी आलं. पितळेचे पेले आले दोन. आणि सुखदेवसाठी तो माणूस स्वतः लोटा घेऊन उभा राहिला. म्हणाला, “तू जरा खाली उतर, ओंजळ कर.”

सुखदेव बारा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापानं घरादारासकट बुद्धाची दीक्षा घेतली होती. सुखदेवनं त्या लोट्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

मी पेला पालथा घातला. ओसरीभर पाणी झालं. मी त्या माणसाच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. हात उचललाच होता, तर सुखदेवनं मनगट धरलं.

“वसंताभाऊ, चाल. आता भांडत बसलो त पाच वाजतीन. नोकरी गेली, त मंग याच्याच वावरात याव लागन. आन तवाबी पानी वरूनच भेटन.”

तो माणूस हसला! काही घडलंच नाही असं हसून म्हणाला, “अरे, वही तरी दाखवा. मीही दोन शब्द लिहितो.”

वही देवाजीभाऊंच्या हातात होती. एका शिक्क्यासाठी सकाळचे पाच तास घालवणारा माणूस! त्यांनी वही मिटली, पिशवीत घातली, पिशवीच्या दोरीला दोन गाठी मारल्या आणि ओसरी उतरले.

“या गावचं पान कोरंच राहू द्या,” ते म्हणाले.

कोणाच्याही पोटात पाण्याचा थेंब न जाता आम्ही निघालो. पुढे नाल्यावर प्यालो. मी त्या माणसाला मारलं नाही. बरं झालं की वाईट झालं, ते अजून ठरत नाही. मारायलासुद्धा आमच्याकडे वेळ नव्हता, याचाच राग जास्त येतो.

*

घाट उतरल्यावर मात्र एक बरी गोष्ट घडली. देवाजीभाऊंच्या गळ्यात शाळेत मिळालेले, आम्हा तिघांचेही झेंडूचे हार तसेच होते. काढा म्हटलं तर “लोकाईनं मायेनं घातले” म्हणायचे. वाऱ्यानं ते तोंडावर यायचे, दिसायचं नाही आणि ते ब्रेक मारायचे.

एका गाडीवानापाशी वाट मागायला थांबलो. त्याच्या बैलानं मान लांब केली आणि तीनही हार एका दमात ओढून खाल्ले! देवाजीभाऊ गळा चोळत राहिले. मी त्या बैलाला हात जोडले. दिवसभरात आमच्या उपयोगी पडलेला तो पहिलाच प्राणी.

*

आता शेवटचं सांगतो.

खाणीच्या गेटावर पोचलो तेव्हा चार चाळीस झाले होते. वीस मिनिटं हातात! सुखदेवनं गळ्यातला दोरा तोडून टोकन मुठीत धरलं. आणि समोर पाहतो तर काय! गेटाच्या आत मांडव, सतरंजी, माइक, खुर्च्या. पहिल्या पाळीचे कामगार आणि दगड निवडणाऱ्या बाया घरी न जाता बसलेल्या. ‘सायकलवीरों का स्वागत’ असा कापडी बोर्ड. आम्हाला उतरू न देता ढकलतच स्टेजवर नेलं.

सुखदेवची नजर टाइम ऑफिसकडे. ते स्टेजपासून वीस पावलांवर. दाराला कुलूप! खिडकी बंद! कारण टाइमबाबू स्टेजवर होता. हातात हारांचं ताट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

सुखदेव त्याच्याजवळ गेला. “बाबू, चाबी. टोकन टाकाचं हाये.”

“अरे बैठो, बैठो. साहब बोलनेवाले हैं.”

“पाच वाजून राह्यले बाबू. माह्यं नाव कट होईन.”

“पहले फूल, फिर टोकन!” असं म्हणून टाइमबाबूनं त्याच्या गळ्यात हार घातला.

मॅनेजरसाहेब उठले. त्यांनी विषय घेतला, “समय का पालन.” म्हणाले, या तीन कामगारांनी देशाला दाखवून दिलं की आपल्या खाणीचा माणूस वेळेचा किती पक्का असतो! अनुशासन म्हणजे काय, घड्याळ म्हणजे काय, जपानमध्ये लोक कसे वागतात! मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली. देवाजीभाऊंकडे पाहिलं. दिवसभर ज्यांना भाषणं गोड लागली, त्यांचं तोंड कडू झालेलं.

सुखदेव उठला. लघवीला जातो असं खुणेनं सांगून स्टेजवरून मागे उतरला. सरळ टाइम ऑफिसच्या दाराशी गेला, खाली वाकला आणि टोकन दाराच्या फटीतून आत सरकवलं. आतल्या फरशीवर पितळ घासल्याचा आवाज मला स्टेजवर काही आला नाही, पण मागच्या रांगेतल्या बायांना आला. त्यांनी माना वळवल्या. तो परत येऊन खुर्चीत बसला. मी हातावरचं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. पाचला पाच कमी.

पाचचा भोंगा झाला. साहेब थांबले, भोंगा संपू दिला आणि म्हणाले, “जैसा कि मैं कह रहा था, समय...”

साडेपाचला ते बसले. देवाजीभाऊंना बोलायला बोलावलं. ते माइकपाशी गेले आणि आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण केलं, “बोलनं काही नाही. पह्यले टाइम ऑफिस उघडा.”

सगळा मांडव दारापाशी आला. टाइमबाबूनं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, खुर्चीवर बसून मस्टर उघडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “पाँच पैंतीस. दोनों को मेमो. सुखदेव, तुम्हारा तो... अब नियम तो नियम है भाई.”

“माह्यं टोकन जमा हाये,” सुखदेव म्हणाला.

“कहाँ?”

“तुमच्या पायाखाली.”

टाइमबाबूनं बूट उचलला. दोनशे चौदा.

“कब डाला?”

“पाचच्या आत. चार पंचावनले.”

“झूठ! मैंने तो नहीं देखा.”

“हौ. तुमी कसे पाहान? तुमी इथं होते का?”

मागच्या बायांमधून एकजण जोरात म्हणाली, “आमी आयकलं ना आवाज! साहेब जपानात होते तवा!” दारात मॅनेजरसाहेब उभे होते, गळ्यात हार.

सुखदेवनं देवाजीभाऊंच्या पिशवीच्या दोन्ही गाठी सोडल्या. वही काढली, शेवटचं पान उघडलं, टेबलावर ठेवलं आणि पेन टाइमबाबूच्या हातात दिलं.

“पाच महिने सगळ्याईले म्हनलं, टाइम लिवा. आता तुमी लिवा. लेट लिवाचं असन त लेट लिवा, माह्यी ना नाही. फक्त त्याच्याखाली हे बी लिवा, का ड्यूटीवर असून पाच वाजता टाइमबाबू कुठं होते, आन कोनाच्या हुकमानं होते.”

टाइमबाबूनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गळ्यातला हार काढला.

ती वही आजही माझ्या पेटीत आहे. शेवटच्या पानावर खाणीचा गोल शिक्का आहे, शिक्क्याखाली दोन सह्या आहेत आणि टाइमबाबूच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे: ‘टोकन नं. २१४. सुखदेव. हाजिर. समय, चार बजकर पचपन मिनट.’